ओरिजिन्स पुन्हा उघड, पण या वेळी चौघांनी खेळ

प्रिय मंदार,

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' हा कॉम्प्युटरवरचा कथा-लढायांचा खेळ तू ऑर्झमार या ड्वार्फांच्या (बुटक्यांच्या) भूमिगत शहराखालच्या बोगद्यांत नेऊन अर्धवट टाकलास, हे वाचून खरंच वाईट वाटलं. तुझ्या तक्रारी तीन आहेत: ढालवाला साथीदार अ‍ॅलिस्टर दर लढाईत आडवा होतो, सगळी मारामारी एकटा मेजच (जादूगारच) उरकतो, आणि डीप रोड्स, म्हणजे ते बोगदे, संपता संपत नाहीत. तिन्ही खऱ्या आहेत. पण तिन्हींचं मूळ एकच आहे. हा खेळ चौघांच्या पार्टीसाठी (टोळीसाठी) बांधलाय आणि त्याचाच हिशेब काही ठिकाणी असा चुकलाय की त्या चौघांची गरज वाटेनाशी होते. हे ओळखून खेळलास तर पन्नास-साठ तास सार्थकी लागतील.

बायोवेअर कंपनीने 2009च्या नोव्हेंबरमध्ये हा खेळ आणला, तो त्यांच्याच 'बाल्डर्स गेट' या जुन्या खेळाचा वारस म्हणून. तिथून दोन गोष्टी आल्या: लढाई मध्येच थांबवून चौघांना वेगवेगळे हुकूम देता येणं, आणि बरोबरच्या माणसांना स्वतःची मतं असणं. तिसरी गोष्ट ओरिजिन्सने नव्याने नीट बसवली. ती म्हणजे टॅक्टिक्सचा तक्ता, आणि तू तो उघडलाही नसावास असा माझा अंदाज आहे.

प्रत्येक साथीदाराला त्यात ओळी असतात. डावीकडे अट, उजवीकडे कृती. खेळ वरून खाली वाचत जातो आणि जी अट आधी जुळेल, जिची कृती त्या क्षणी शक्य असेल, ती करतो. मग पुन्हा वरून सुरुवात. म्हणजे ओळींचा क्रम हाच सगळा खेळ. विन या जखमा भरणाऱ्या मेजच्या तक्त्यात पहिलीच ओळ 'मित्राची हेल्थ 75 टक्क्यांखाली, तर हील' अशी ठेवलीस, तर सोबतच्या कुत्र्याला ओरखडा आला तरी ती हील टाकून मोकळी होते, आणि अ‍ॅलिस्टर खरोखर मरायला टेकतो तेव्हा तिचा स्पेल (मंत्र) कूलडाउनवर असतो, लगेच पुन्हा टाकता येत नाही. म्हणून वर 25 टक्क्यांची ओळ, तिच्याखाली 50ची, आणि 75ची ठेवायचीच नाही. अ‍ॅलिस्टरसाठी असं मांड: स्वतःची हेल्थ 25 टक्क्यांखाली गेली तर सगळ्यात हलकं पोल्टिस (औषध); दोन किंवा जास्त शत्रूंनी वेढलं तर टाँट (शत्रूंना आपल्याकडे ओढणं); विनवर हल्ला करणारा शत्रू दिसला तर शील्ड बॅश; नाहीतर जवळच्या शत्रूवर हल्ला. शत्रूंची नजर त्याच्यावर ठेवणारा थ्रेटन हा मोड कायम चालू ठेव. चार ओळी झाल्या, पण त्यांनी तुझी निम्मी तक्रार मिटेल. ओळी कमी पडल्या तर कॉम्बॅट टॅक्टिक्स ही स्किल वाढव, तिने आणखी जागा मिळतात. एक मात्र विसरू नकोस: तक्त्याला एकदा हात लावलास की नवा शिकलेला स्पेल त्यात आपोआप येत नाही, दर लेव्हलला उघडून स्वतः घालावा लागतो. 'विन मूर्खासारखी वागते' असं तू लिहिलंयस, त्याचं कारण बहुधा हेच.

उरलेली निम्मी तक्रार लढाईच्या सुरुवातीची आहे. शत्रू कुणावर धावून जायचं हे त्याला कोण किती दुखावतंय यावरून ठरवतो. तू दारातून आत शिरताच फायरबॉल टाकतोस, म्हणजे पहिल्याच क्षणी सगळ्यांची नजर मेजवर. त्याऐवजी पार्टीला जागेवर थांबायचा हुकूम दे, एकट्या अ‍ॅलिस्टरला पुढे पाठव, त्याने टाँट मारला की दोन-तीन सेकंद जाऊ दे आणि मग आग ओत. तिरंदाज असतील तर दाराच्या चौकटीआड थांबून त्यांना जवळ येऊ दे. त्यांच्या स्कॅटरशॉटने चौघंही एकदम बधिर होतात आणि तेवढ्यात खेळ हातचा जातो.

आता तक्त्याचा दोष. तो मोठा आहे आणि त्याला तोड नाही. 'शत्रू गोळा झाले असतील तर' अशी अट आहे, पण आपला माणूस त्या घोळक्यात सापडणार नाही याची खात्री ती देत नाही. मॉरिगन या दुसऱ्या मेजच्या तक्त्यात कोन ऑफ कोल्ड (गारठ्याचा फवारा) घातलास की ती शत्रूंबरोबर अ‍ॅलिस्टरलाही गोठवते. ईझी या सोप्या पातळीवर आपले स्पेल आपल्या माणसांना लागत नाहीत, नॉर्मलवर निम्मे लागतात, नाइटमेअर या सगळ्यात कठीण पातळीवर पुरते. म्हणून नियम धर: पसरणारे स्पेल तक्त्यात घालायचेच नाहीत, ते पॉझ करून हाताने टाकायचे. तक्त्यात एकेकट्याला लागणारे ठेव, विंटर्स ग्रास्प, क्रशिंग प्रिझन यांसारखे.

मेजबद्दल तू लिहिलंस ते शंभर टक्के बरोबर. स्पेलांच्या जोड्या हा या खेळातला सगळ्यात देखणा भाग आहे, आणि तोल तिथेच ढळलाय. गोठलेल्या शत्रूवर स्टोनफिस्ट मारला की त्याचे तुकडे होतात. ग्रीसवर आग टाकली की जमीन पेटते. झोपवलेल्यावर हॉरर टाकला की तो झोपेतच संपू शकतो. स्पेल माइट चालू ठेवून एकाच जागी ब्लिझर्ड आणि टेम्पेस्ट टाकलेस की स्टॉर्म ऑफ द सेंच्युरी उठतं, आणि दाराबाहेर उभं राहून खोलीच्या खोली रिकामी करता येते. जोडी पहिल्यांदा जमते तेव्हाचा आनंद मोठा आहे. पण समोर शत्रूचे मेज असतील तर एकटा मॅना क्लॅश त्यांना जागच्या जागी संपवतो, आणि फोर्स फील्डमधला माणूस कशानेच दुखावत नसल्यामुळे, शत्रू अंगावर घेतलेल्या अ‍ॅलिस्टरला त्यात बंद केलं तर सगळे त्या काचेवर तलवारी आपटत बसतात. त्यात ब्रेसिलियन जंगलातल्या अवशेषांत आर्केन वॉरियर हे स्पेशलायझेशन मिळतं, ज्यात मेज ताकदीऐवजी मॅजिकच्या जोरावर जड चिलखत चढवतो. मग योद्धा कशाला हवा? उलट मॉरिगन आपल्याकडे येते तीच शेपशिफ्टर म्हणून, आणि रूप बदललं की तिला इतर स्पेल टाकता येत नाहीत. एवढ्या ताकदीच्या पात्राच्या हातात एवढं फुसकं हत्यार!

म्हणून माझं ठाम मत: पार्टीत मेज दोनच्या वर नेऊ नकोस, आर्केन वॉरियर पहिल्या खेपेला घेऊच नकोस, आणि फोर्स फील्ड अडचणीच्या वेळेपुरतं ठेव. खेळ हे बंधन घालत नाही, ते आपणच घालायचं. तसं केलंस तर नॉर्मलवर चौघंही लागतात, आणि हीच खरी मजा.

चौथी जागा लेलियानाला दे. ती रोग (चोरटी कसबं जाणणारी) आहे, आणि कुलपं फक्त रोग क्लासच्या पात्राला उघडतात. इथे पेटी फोडायची सोय नाही, त्यामुळे रोग नसेल तर निम्म्या पेट्यांपाशी घोडं अडतं. तिचं कनिंग (चलाखी) वाढव आणि डेफ्ट हँड्स या कुलपं उघडण्याच्या कसबाच्या पायऱ्या घे. ती लॉदरिंग गावच्या खानावळीत भेटते आणि स्टेन हा योद्धा तिथेच पिंजऱ्यात असतो. दोघांना तिथून निघण्याआधीच घे, कारण पहिलं मोठं काम उरकून आलास की लॉदरिंग उरलेलं नसतं.

आता साथीदारांबद्दल, ज्यासाठी हा खेळ पुन्हा उघडायचा. प्रत्येकाच्या मनात तुझ्याविषयी उणे 100 ते अधिक 100 असा आकडा असतो. गरिबाला मदत केलीस तर अ‍ॅलिस्टर खूश, मॉरिगन नाराज. हे नुसतं दाखवायला नाही: मन जुळत गेलं की त्या माणसाचा एखादा गुण वाढतो, अ‍ॅलिस्टरचं कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा), लेलियानाचं कनिंग, आणि फार बिघडलं तर काही जण सोडूनही जातात. स्टेनचंच बघ. सुरुवातीला दोन शब्दांच्या वर बोलत नाही. कॅम्पमध्ये चिकाटीने विचारत राहिलास तर कळतं की त्याची तलवार हरवलीय आणि तिच्याशिवाय तो आपल्या लोकांत परत जाऊ शकत नाही. मग कॅलेनहॅड तळ्याच्या धक्क्यावरचा भंगार वेचणारा, तिथून फ्रॉस्टबॅक डोंगरातला व्यापारी फॅरिन, आणि शेवटी रेडक्लिफमधला ड्विन, असा माग काढत जायचं. वाटेत एकही मोठी लढाई नाही. तरी ती तलवार त्याच्या हातात देतानाचा प्रसंग ड्रॅगन मारण्यापेक्षा जास्त लक्षात राहतो.

आणि याच कामावर भेटवस्तूंनी पाणी ओतलंय. दुकानातून घेतलेली कुठलीही वस्तू दिली की तो आकडा वाढतो. प्रत्येक पुढच्या भेटीचा परिणाम थोडा घटतो, तरी दहा-बारा वस्तूंत कुणाचाही राग विकत घेता येतो. सकाळी ज्याच्या तत्त्वांना लाथ मारली, त्याला संध्याकाळी पुतळा दिला की सगळं माफ. मतं असलेली माणसं लिहायची आणि मग त्या मतांना बाजारभाव लावायचा, हा या खेळाचा सगळ्यात दुखरा दोष आहे. फक्त कथेशी जोडलेल्या भेटी दे: रेडक्लिफच्या किल्ल्यात मिळणारं अ‍ॅलिस्टरच्या आईचं लॉकेट, ऑर्झमारच्या बाजारातला सोनेरी आरसा मॉरिगनसाठी, सर्कल टॉवर या मेजांच्या मनोऱ्यातलं काळं ग्रिमॉयर (मंत्रांची पोथी) तेही तिलाच. त्यांना स्वतंत्र संवाद आहेत. बाकीचा माल विकून टाक.

ऑर्झमार तू अर्धं पाहिलंयस, म्हणून स्पष्ट लिहितो, कारण त्याची ताकद धक्क्यात नाही. तिथल्या गादीचे दावेदार दोन: बेलेन दगाबाज आहे, हॅरोमाँट सज्जन आणि शब्दाचा पक्का. पण बेलेन गादीवर आला तर तो सभा मोडतो, हुकूमशहा होतो, आणि जातीबाहेर टाकलेल्यांना हक्क देतो, वरच्या जगाशी व्यापार उघडतो. हॅरोमाँट आला तर जातींची बंधनं आणखी आवळली जातात आणि दरवाजे बंद होतात. चांगला माणूस आणि चांगलं राज्य यांची इथे फारकत केलीय. शिवाय सहा ओरिजिनांपैकी (नायकाच्या सुरुवातीच्या कथांपैकी) ड्वार्फ नोबल घेतलास तर बेलेन तुझा सख्खा भाऊ, तुझ्यावर बालंट आणून तुला हाकलणारा. ड्वार्फ कॉमनर घेतलास तर तुझी बहीण रिका त्याच्या मुलाची आई. शहर तेच, प्रश्न तोच, पण उत्तर देणारा हात बदलतो. एवढं सुरुवातीच्या निवडीचं वजन फार थोड्या खेळांनी पेललंय.

त्याच्या तुलनेत रेडक्लिफमध्ये लेखक कचरले. तिथल्या किल्ल्यातल्या, राक्षसाने झपाटलेल्या कॉनर या पोराच्या बाबतीत दोन कठोर मार्ग दिलेत आणि तिसरा म्हणजे सर्कलच्या मेजांना आणायचं. तळ्यापलीकडे जाऊन यायचं, आणि तेवढ्या काळात किल्ल्यात काहीच बिघडत नाही. एखादा पहारेकरी मेला असता तरी त्या निवडीला अर्थ आला असता.

तुझी तिसरी तक्रार, लांबण. सर्कल टॉवरमधला फेड (स्वप्नांचं जग) आणि डीप रोड्स हे दोन्ही भाग लांबलेत, पण कारणं वेगळी. फेडमध्ये पार्टीच काढून घेतात. तू एकटा उंदीर, आत्मा, जळता माणूस आणि गोलेम अशी रूपं बदलत दारं शोधत फिरतोस, आणि ना संवाद ना टॅक्टिक्स. तो टाळणारा मॉड (चाहत्यांनी केलेली जोड) आहे, पण पहिल्यांदा टाळू नकोस. तिथल्या ठिकठिकाणच्या खुणांतून गुण कायमचे वाढतात. डीप रोड्समध्ये पार्टी असते पण गप्प असते. आपसातल्या गप्पा ठरावीक जागी, जास्त करून वस्त्यांत, सुरू होतात, आणि खाली बोगद्यांत तासन् तास एकसारख्या लढायाच राहतात. तिथे उतरण्याआधी पिशवी वाढव (एका विकतच्या पिशवीने 10 जागा वाढतात). कॅरिडिन्स क्रॉस झाला की नकाशावरून ऑर्झमारला परत येता येतं, ये आणि माल विक. ऑर्टन थेगमध्ये रक नावाचा ड्वार्फ भेटेल, तोही घेतो-विकतो. पुढे डेड ट्रेंचेसमध्ये अंधारातून एका बाईचा आवाज ओवीसारखा मोजत मोजत येऊ लागेल. तिथे हेडफोन लाव आणि घाई करू नकोस. एवढ्या कंटाळ्याच्या शेवटी एवढी भीती जमवलीय, म्हणून तो भाग मी वाईट म्हणत नाही. फक्त एक तृतीयांश छाटायला हवा होता.

औषधांचं: लेसर पोल्टिसला एक एल्फरूट आणि एक फ्लास्क लागतो. जंगलातल्या डेलिश एल्फांच्या तळावर वारॅथॉर्नकडे एल्फरूट संपत नाही. हर्बलिझम (औषधं बनवण्याचं कसब) विनकडे ठेव, आणि दर मोहिमेला वीस-पंचवीस घेऊन नीघ.

क्रॅशचं. खेळ 32 बिटांचा आहे, त्यामुळे मेमरी 2 जीबीच्या वर घेत नाही आणि तासागणिक भरत जाते. म्हणूनच तुझं लोडिंग रात्री लांबत होतं आणि डेनेरिम या राजधानीत खेळ बंद पडत होता. bin_ship फोल्डरमधल्या मुख्य फाइलची आधी एक कॉपी ठेव आणि तिला 4 जीबीचा पॅच लाव. तरीही अडलं तर टास्क मॅनेजरमधून खेळाला एक-दोनच कोअर दे. दर दीड-दोन तासांनी सेव्ह करून खेळ पूर्ण बंद कर आणि पुन्हा उघड. क्विक सेव्हवर विसंबू नकोस, वेगवेगळी सेव्ह ठेव.

जुनं सेव्ह सोडून दे, नव्याने ड्वार्फ नोबल घे. लॉदरिंगहून आधी सर्कल, म्हणजे विन लवकर मिळेल, मग रेडक्लिफ, जंगल, आणि ऑर्झमार सगळ्यात शेवटी. बेलेनसमोर उभा राहिलास की कुणाला गादी दिलीस ते लगेच लिही.

तुझा,
नितीन