पंचेचाळीस संत्र्यांचा हिशेब

महोदय,

मागच्या रविवारच्या पुरवणीतला आकड्यांवरचा लेख आवडीने वाचत होते. 'आफ्रिकेतील लोक एक, दोन आणि पुष्कळ, एवढेच मोजत' या वाक्याशी आले आणि हातातला कप खाली ठेवला. आफ्रिकेतले म्हणजे कुठले? तो खंड आहे, तालुका नव्हे.

मी 1981 ते 1984 नायजेरियातल्या इबादान शहरात गणित शिकवत होते. त्या राज्यात 1979 पासून माध्यमिक शिक्षण मोफत झालं होतं. शाळा भराभर निघाल्या, शिक्षक पुरेनात, म्हणून आमच्यासारख्यांना बोलावणं आलं. माझ्या वर्गातली मुलं बहुतेक सगळी योरुबा. त्यांची भाषा सुरांवर चालते. 'ओको' एका सुरात नवरा, दुसऱ्यात गाडी, तिसऱ्यात कुदळ. 'माझी गाडी बंद पडली' असं ऐटीत सांगायला गेले आणि वर्गाने माझा नवरा बंद पाडला.

शाळेच्या खेळांसाठी संत्री हवी होती, म्हणून फॉर्म थ्रीमधल्या एका मुलीला घेऊन डुग्बे बाजारात गेले. तिथली संत्री पिकली तरी हिरवीच. विकणारी बाई ब्लेडने वरची साल कागदासारखी पातळ सोलते, डोक्यावरची चकती उडवते, आणि आपण चोखायचं. मला पंचेचाळीस हवी होती. म्हातारीने पाच-पाच पुढे सरकवत मोजली आणि शेवटी म्हणाली, 'मारुन्दीनलाआदोता'.

मुलीला अर्थ विचारला. "पन्नासला पाच कमी, मॅडम."

पन्नास म्हणजे?

"साठला दहा कमी."

आणि साठ?

"तीन वीस."

तीन विसा साठ, त्यातून दहा गेले, त्यातून पाच गेले. गणिताची पदवीधर मी, पिशवी धरून मनात वजाबाकी करत उभी, आणि म्हातारीने तोवर पुढचं गिऱ्हाईक घेतलं होतं.

घरी येऊन मुलीकडून सगळे आकडे लिहून घेतले. अकरा ते चौदा दहात मिळवून, आणि पंधरापासून पुढचे विसातून वजा करून. एकोणीसला ते 'विसाला एक कमी' म्हणतात. अहो, आपलं एकोणीस तरी दुसरं काय आहे? आपण एक वजा करून थांबतो, ते पाचापर्यंत मागे येतात, एवढाच फरक. विसा तर माझ्या आजीच्याही तोंडी होत्या. गोवऱ्या ती 'तीन विसा न् पाच' अशाच मोजायची.

पूर्वी त्यांचं चलन कवड्यांचं. मालदीवच्या समुद्रातली कवडी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून पार पश्चिम आफ्रिकेपर्यंत जायची. वीस हजार कवड्यांची एक गोण, आणि वीस हजाराला योरुबात शब्दही तोच, 'एक गोण'. दोनाच्या पुढे 'पुष्कळ' म्हणणाऱ्यांना एवढ्या मोठ्या संख्येला वेगळं नाव कशाला लागलं असतं?

लेखकमहाशयांना फार बोलणार नाही. मीही मुंबईहून निघाले तेव्हा 'त्यांना पाढे तरी येत असतील का' असं बहिणीला म्हणाले होते. बहीण अजून आठवण करून देते.

तिथल्या शाळांत गणित इंग्रजीतच चाले, त्यामुळे शंभराच्या पुढचे योरुबा आकडे माझ्या वर्गातही दोघा-तिघांनाच येत. हसण्यासारखं काही नाही. माझा नातू एकोणसत्तर म्हटलं की 'सिक्स्टी नाइन की सेव्हन्टी नाइन?' म्हणून विचारतो.

येत्या रविवारी त्या वाक्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती. जागा कमी असेल तर माझा नवऱ्याचा किस्सा गाळा, संत्री राहू द्या.

आपली,
एक निवृत्त गणितशिक्षिका, सांगली