काठ तुटायच्या आधी

गरमूर, माजुली (आसाम)
ऑक्टोबर

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू पुन्हा तेच विचारलंस, "पूरच बघायचा होता तर आपली कृष्णा काय कमी होती? एवढ्या लांब कशाला गेलास?" मी सांगायला लागलो आणि रेंज गेली. ते बरंच झालं, कारण हे फोनवर सांगून संपणारं नाही. म्हणून लिहितोय.

२०१९ चा ऑगस्ट तू माझ्याबरोबरच काढलास. सांगलीत धोक्याची पातळी ४५ फूट आणि आयर्विन पुलापाशी पाणी ५७ च्या वर. पाणी उतरल्यावर स्टुडिओचं शटर उघडलं तेव्हा निगेटिव्हची पाकिटं एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे झाले होते. आपण ते बादलीत साध्या पाण्यात भिजत घातले आणि एकेक पट्टी सोडवत बसलो. काही सुटल्या, पण बहुतेकींवरचा थर बोटांनाच लागून आला. वडिलांच्या हातचं सगळं काम त्यात होतं. तू एक शब्द बोलला नाहीस, नुसता शेजारी बसून पट्ट्या दोरीला लावत राहिलास. ते मी विसरलेलो नाही.

पण माझ्या मनात घर करून राहिलं ते त्याच्यानंतरचं. चिखल निघाला, दुकानं सुरू झाली आणि लोक यायला लागले. नवा फोटो काढायला नाही, जुना मागायला. "दादा, आमचा लग्नाचा अल्बम गेला, तुमच्याकडं असंल का वो?" गाद्या, भांडी, फ्रिज सगळ्याचे पंचनामे झाले, फोटोंचा झाला नाही. गावभागातल्या त्या आजी आठवतात? अल्बमचं फुगलेलं पान पदरात गुंडाळून घेऊन आल्या होत्या. मालकांचा चेहरा पुसून गेला होता, फेटा आणि एक खांदा तेवढा राहिला होता. मी रात्रभर हार्ड डिस्क धुंडाळली. नातवाच्या बारशाच्या फोटोत, पार मागं, खुर्चीवर बसलेले मालक सापडले. तेवढंच कापून, मोठं करून, फ्रेम करून दिलं. आजींनी फ्रेम हातात घेतली आणि काचेवरून तोंडावर हात फिरवला.

त्या दिवसापासून मला माझ्या धंद्याचा अर्थ वेगळा कळायला लागला. लग्नाच्या कामाला मी कधी नावं ठेवणार नाही. त्यावर आमचं घर चाललं, बहिणीचं लग्न झालं. पण ऑर्डरी घेताना, रात्र-रात्र अल्बम डिझाईन करताना सारखं वाटायचं, की फोटोची खरी गरज कुठं असते ते आपण एकदा पाहिलंय आणि आपला सगळा वेळ दुसरीकडंच चाललाय. २०२१ ला पुन्हा पाणी आलं. आईही गेली. मग सांगलीत मला धरून ठेवणारं असं तुझ्याशिवाय फारसं कुणी उरलं नाही.

आता इथलं सांगतो. काझीरंगाच्या ग्रुप टूरबरोबर आलो होतो तेव्हा ब्रह्मपुत्रेतल्या या माजुली बेटावर आलो, हे तुला माहीत आहे. त्या वेळी जे पाहिलं ते तुला कधी नीट सांगितलं नाही. एक कुटुंब आपलं चांगलं, राहतं घर सोडवत होतं. पत्रे, बांबू, खांब, सगळं वेगळं करून हातगाडीवर रचत होतं. मी विचारलं तर म्हाताऱ्यानं नुसता नदीकडं हात केला.

बंड्या, आपली कृष्णा येते आणि जाते. घर बुडवते, चिखल ठेवते, पण जमीन जागच्या जागी असते. पाणी ओसरायला लागलं की आपण सुटलो म्हणतो. इथं उलटं आहे, पाणी ओसरताना काठ तुटतो. वर मातीचा थर, खाली निव्वळ वाळू. पुरात काठानं पाणी पिऊन घेतलेलं असतं. नदी खाली गेली की ते पाणी वाळू घेऊन बाहेर पडतं आणि वरची जमीन झाडाझुडपांसकट धाडकन बसते. ऑक्टोबर म्हणजे आपल्याकडं पूर विसरायचा महिना. इथं आत्ता, मी हे लिहितोय तेव्हा, लोक रोज संध्याकाळी काठावर जाऊन उद्याचा अंदाज घेतात.

म्हातारी माणसं १९५० सालच्या भूकंपाचं बोलतात. १५ ऑगस्टला झाला होता, ८.६ चा. डोंगर ढासळले, सगळा गाळ नदीत आला, पात्र उथळ झालं आणि नदी आडवी पसरायला लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे बेट १,२०० चौरस किलोमीटरच्या वर होतं, आज त्याच्या निम्मंही नाही. वैष्णवांची सत्रं, म्हणजे आपल्या मठांसारखी, कितीतरी इथून उठून पलीकडच्या काठाला गेली. देव, पोथ्या, नामघर (प्रार्थनेचं घर), सगळं घेऊन.

तर माझं काम हे आहे. घर सोडवायच्या आधी त्या घराचा, त्या माणसांसकट एक फोटो काढायचा, छापायचा आणि त्यांच्या हातात द्यायचा. पैसे घेत नाही. पोटापुरतं दुसऱ्या कामांतून मिळतं. पासपोर्ट फोटो, होमस्टेवाल्यांचे फोटो, थंडीत जोरहाटची लग्नं.

गेल्या महिन्यातलं एक घर सांगतो. मिसिंग लोकांचं (इथली एक आदिवासी जमात) चांगघर, खांबांवर उभं, खाली हातमाग. बाई सकाळपासून तयार होती. स्वतः विणलेलं नेसून, पोरांना भांग पाडून, शिडीवर उंचीप्रमाणं उभं करून. नवरा येईचना. तो हातात दाव (आपल्या कोयत्यासारखं असतं) घेऊन मागच्या बाजूचे वेत तोडत होता, काम खोळंबलंय म्हणत होता. बाईनं आतून असा आवाज दिला की गडी दावासकट येऊन उभा राहिला. मी क्लिक करणार तोच तिनं थांबवलं. मला हाताला धरून चार पावलं डावीकडं नेलं आणि फणसाचं झाड दाखवलं. घर नेता येतं, माग नेता येतो, फणस कसा नेणार? तो फोटोत पाहिजे म्हणाली. मी मागं सरकत सरकत झाड पूर्ण बसवलं. माणसं लहान झाली, पण तिला तसाच हवा होता. छापून दिला तर उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, लॅमिनेशन करून दे, पाण्यात पडला तरी राहिला पाहिजे. मी सगळ्यांनाच लॅमिनेशन करून द्यायला लागलो ते तेव्हापासून.

सालमोरा म्हणून कुंभारांचं गाव आहे, तिथंही जातो. बायका चाकाशिवाय मडकी घडवतात, नुसत्या हातानं, थापट्यानं ठोकून. पूर्वीपासून ही मडकी होडीत भरून गावोगाव नेऊन भाताच्या बदल्यात द्यायची रीत. तेही गाव काठ तुटत तुटत मागं सरकतंय.

उजेडाचं तुला सांगितलंच पाहिजे. घड्याळ आपलंच, पण सूर्य तासाभरानं पुढं. जूनमध्ये साडेचारच्या आत उगवतो, डिसेंबरात साडेचारलाच मावळतो. चहाच्या मळ्यांत तर घड्याळंच एक तास पुढं लावतात. नदीवरून येणारा सकाळचा उजेड इतका मऊ असतो की रिफ्लेक्टर पेटीतून काढावाच लागत नाही. दमटपणा मात्र फार. लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवतो. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर भाजून पुन्हा निळे करायचे. घरमालकीण रोज रात्री विचारते, आज काय भाजलंस?

एकटं वाटतं का, हेही तू विचारलंस. वाटतं. मराठी बोलायला कुणी नाही, भाकरी नाही, आणि पावसाळ्यात नावा बंद झाल्या की जीव घुसमटतो. गणपतीत तर फारच जड गेलं. पण इथंही मला "दादा"च म्हणतात. नामघरात संध्याकाळी टाळ आणि खोल (आपल्या मृदंगासारखा) सुरू झाले की मी मागं जाऊन बसतो. शब्द कळत नाहीत सगळे, तरी बसवतं. आणि कॅमेरा हातात घेताना जी ओढ वडिलांबरोबर डार्करूममध्ये उभं राहताना वाटायची, ती परत वाटायला लागलीय. त्यासाठी मी आलो, बंड्या. हेच माझं उत्तर.

आता कामाचं. तुझ्या माळ्यावर ठेवलेल्या माझ्या हार्ड डिस्क महिन्यातून एकदा जोडून चालू करून बघ. कुणी जुना फोटो मागायला आलं तर शोधून दे, पैसे घेऊ नकोस. सालाप्रमाणं फोल्डर आहेत, आडनावानं शोध.

आणि तू ये. कार्तिकी पौर्णिमेला इथं रास असतो, सत्रांमधून रात्रभर चालतो. गुवाहाटीपर्यंत रेल्वे, पुढं जोरहाट, तिथून निमाती घाट. दुपारच्या आत पोच, शेवटची नाव चुकली तर रात्र पलीकडं काढावी लागेल. स्वेटर आण. भडंगाची दोन पाकिटं जास्तीची आण, एक घरमालकिणीला द्यायचंय, तिला मी कबूल केलंय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. पत्र मिळालं की फोन कर, लागला नाही तर पुन्हा कर.

तुझाच,
दादू