तालुक्याचे पान बंद करू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यापासून आपण तालुक्याचे पान बंद केले आणि आमच्या बातम्या जिल्ह्याच्या पानावर ‘थोडक्यात’ या चौकटीत कोंबल्या. परवा आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल गेले. त्यांच्या वाट्याला साडेतीन ओळी आल्या, त्यातही ते ‘निवृत्त शिपाई’ झाले. घरच्यांनी दोनदा फोन केला. दुरुस्ती अजून छापून यायची आहे.

तेव्हा मला एम्पोरिया आठवले. अमेरिकेत कॅन्सस राज्यातले हे गाव, वस्ती सुमारे २४ हजार. मुलगी विचिटाला असते, म्हणून तिकडे जाणे झाले. तिथल्या ‘एम्पोरिया गॅझेट’चे नाव देशभर झाले ते विल्यम ॲलन व्हाइट यांच्यामुळे. १८९५ मध्ये उसनवारी करून ३ हजार डॉलरला त्यांनी हे पत्र घेतले आणि १९४४ मध्ये डोळे मिटेपर्यंत गाव सोडले नाही.

१९२१ मध्ये त्यांची सोळा वर्षांची मुलगी मेरी घोड्यावरून रपेट करत होती. वाटेत ‘गॅझेट’चे अंक टाकणारा शाळेतला मित्र दिसला. तिने हात केला, पण नेमका लगामाचा हात. घोडा बाजूला वळला आणि मागे बघत असतानाच खाली आलेली फांदी डोक्यात बसली. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने देशभर कळवले, घोड्यावरून पडून मृत्यू. दफनानंतर बापाने जो लेख लिहिला त्यात सुरुवातीलाच हे खोडून काढले: पडण्यातली ती नव्हतीच, हे वाचून तिने खिल्ली उडवली असती! फांदी लागल्यावर ती घोड्यावरून उतरली, लडखडली, मग कोसळली. एवढा बारकावा कुणाला हवा, असे तिथे कुणी म्हटले नाही. पुढे तोच लेख गावोगावच्या पत्रांनी छापला.

व्हाइट कोणाचे मिंधे नव्हते, हेही सांगायला हवे. १९२२ च्या रेल्वे संपात दुकानांतून संपकऱ्यांच्या पाठिंब्याचे फलक लावायला गव्हर्नरने मनाई केली. गव्हर्नर हेन्री ॲलन त्यांचे जुने मित्र. व्हाइटना संप पुरता पटत नव्हता, पण मनाई तर मुळीच नाही. त्यांनी कचेरीच्या खिडकीत फलक लावला आणि पाठिंबा लिहिला ४९ टक्के! अटकेचे वॉरंट निघाले. त्या वेळच्या त्यांच्या अग्रलेखाला १९२३ चे पत्रकारितेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

याच गावात बूट दुरुस्त करणारे ॲल किंग होते. दुसऱ्या महायुद्धात भाचा गेला, तेव्हा ११ नोव्हेंबर हा दिवस पहिल्या महायुद्धापुरता न ठेवता सगळ्याच माजी सैनिकांचा करा, असा धोशा त्यांनी लावला. १९५३ मध्ये गावाने तो तसा पाळला आणि १९५४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने देशाचा कायदा झाला. आमच्याकडे असा कोणी असेल, तर आज त्याची बातमी ‘थोडक्यात’ येईल, धंदा चुकवून.

कागद महागलाय, जाहिराती मिळत नाहीत, हे मान्य. रोज नको, पण शुक्रवारी, आमच्या बाजारच्या दिवशी तरी ते पान द्या. आणि ग्रंथपालांची दुरुस्ती तेवढी तेराव्याच्या आत छापा.

आपला,
एक जुना वर्गणीदार