आईच्या श्रमांचीही नोंद व्हावी

महोदय,

माझ्या आईचे गेल्या महिन्यात माण तालुक्यातील आमच्या गावी वयाच्या ८४ व्या वर्षी वृद्धापकाळाने निधन झाले. निधनवार्ता छापून आली. ती मनमिळाऊ व धार्मिक स्वभावाची होती, तिच्या पश्चात मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे आणि एका निवृत्त मुख्याध्यापकाच्या त्या मातोश्री होत, असे तीत नमूद होते. यातले काहीही चुकीचे नाही. परंतु आईने आयुष्यभर जे काम केले त्याचा उल्लेख तीत नव्हता, आणि तिच्या पिढीतील कष्टकरी बायकांच्या निधनवार्तांत तो सहसा नसतोच.

१९७२ साली पावसाने पाठ फिरवली तेव्हा आई तिशीत होती. वडील मुंबईला गिरणीत, घरी सासू-सासरे, आम्ही लहान भावंडे आणि दावणीला बैलजोडी. विहिरी आटल्या, ज्वारी हाती लागली नाही, आणि दुष्काळी कामे निघाली तशा गावातील बायका पुरुषांच्या बरोबरीने खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या भरावावर माती टाकायला जाऊ लागल्या. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना याच दुष्काळात रुजली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि २००५ मध्ये देशाने असाच कायदा केला तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. या इतिहासात पागे यांचे नाव आदराने घेतले जाते व ते घेतलेच पाहिजे. मात्र ज्यांच्या डोक्यावरच्या पाट्यांनी ते तलाव उभे राहिले, त्या बायकांची नावे हजेरीपटाबाहेर कुठे गेलीच नाहीत.

आई शाळेत गेली नव्हती. पण खडीच्या ढिगाचे माप कमी भरले की मजुरी कमी मिळते, हे लक्षात आल्यावर ती ढिगाची लांबी, रुंदी, उंची स्वतः हाताने मोजू लागली, आणि शंभर घनफुटांचा एक ब्रास हा हिशेब तिने असा पक्का केला की टोळीतल्या इतर बायका माप घेण्याआधी तिला बोलावून नेत. पुढे नातवाने घर बांधायला काढले तेव्हा दारात पडलेल्या खडीकडे बघून तिने माल कमी असल्याचे सांगितले; टेप लावून पाहिले तर तिचे म्हणणे खरे निघाले. नातू स्थापत्य अभियंता आहे. त्या दिवसापासून तो आजीला विचारल्याशिवाय माल उतरवून घेत नसे, आणि आजीलाही त्याचा मोठा अभिमान वाटे.

रेशनवरच्या तांबड्या मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या भाकरी, कामावर वाटला जाणारा सुकडी हा कोरडा पौष्टिक खाऊ, झाडाला झोळी बांधून निजवलेली तान्ही मुले, हे सारे तिने नातवंडांना पुन्हा पुन्हा सांगितले. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटून वडील गावी परतले, तेव्हा शेरडे पाळून आणि बाजारात विकून आमच्या शिक्षणाचा खर्च तिनेच भागवला. त्याबद्दल मात्र ती फारसे बोलत नसे. माझ्या मुलीने शेवटच्या दोन वर्षांत तिचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवले आहे, आणि त्यातून आम्हा भावंडांनाही आई नव्याने समजली.

पुण्यात हेमा राईरकर आणि गी पोइटव्हँ या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमवल्या, म्हणून त्या टिकल्या. दुष्काळी कामांच्या आठवणींसाठीही असेच काम व्हायला हवे, आणि ते आताच व्हायला हवे, कारण त्या कामावर गेलेल्या बायका आज ऐंशीच्या घरात आहेत.

माझी विनंती आहे की आपण जिल्ह्याच्या पानावर आठवड्यातून एकदा अशा एखाद्या आजीच्या कामाची माहिती, ती हयात असतानाच, तिच्या स्वतःच्या शब्दांत छापावी. आमच्या गावात आईच्या टोळीतल्या काही जणी अजून आहेत. आपण जागा देणार असाल तर त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीने, पहिला मजकूर मी आणि माझी मुलगी पाठवू.

आपला नम्र,
एक वाचक
ता. माण, जि. सातारा