फॅमिली मेडिसिन: हळहळ पुरे, आधी विद्यार्थ्यांना ते काम दाखवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘पूर्वीसारखे फॅमिली डॉक्टर आता राहिले नाहीत’ या सुराचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. असे लेख अधूनमधून कुठे ना कुठे येतच असतात. घरातल्या तीन पिढ्या ओळखणारा, रात्री-अपरात्री बॅग घेऊन धावून येणारा, ‘पैशांचं नंतर बघू’ म्हणणारा डॉक्टर, आणि शेवटी हळहळ. वाचायला बरं वाटतं. पण एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी असा लेख वाचून फॅमिली मेडिसिन, म्हणजे फॅमिली डॉक्टर घडवणारी शाखा, घ्यायचं ठरवेल का? दुसऱ्यांच्या आठवणींवर कोणी करिअर बेतत नाही. तिला त्यातून एवढंच कळतं की या कामात झोपमोड आहे, पैसे कमी आहेत आणि पुण्य भरपूर आहे.

मी स्वतः फॅमिली डॉक्टर नाही. माझी सगळी नोकरी मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवण्यात गेली, तेव्हा या शाखेची बाजू घेण्यात माझा काही स्वार्थ नाही. हुशार मुलं फॅमिली मेडिसिनकडे पाठ फिरवतात, अशी तक्रार मी बैठकांमधून खूप ऐकली. माझं मत वेगळं आहे. पाठ फिरवायला ती गोष्ट आधी समोर तर यायला हवी. आमच्या विद्यार्थ्यांना हे काम दिसतच नाही.

१९६१ साली अमेरिकेतले डॉक्टर केर व्हाइट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक साधा हिशेब मांडला होता. हजार प्रौढ माणसं घ्या. महिनाभरात त्यातल्या ७५० जणांना काही ना काही दुखणं-खुपणं होतं. २५० जण डॉक्टरकडे जातात. ९ जण रुग्णालयात दाखल होतात, ५ जणांना दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवलं जातं, आणि विद्यापीठाच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत पोचतो फक्त १. पुढे २००१ साली अमेरिकेतच हा हिशेब नव्याने केला गेला, तेव्हाही शिकवणाऱ्या रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचा आकडा हजारात एकाच्याही खाली निघाला. आमचा जवळजवळ सगळा अभ्यासक्रम त्या एकाच्या खाटेभोवती उभा आहे. वॉर्डात विद्यार्थी केस मांडतो तेव्हा केसपेपरवर निदान बहुधा लिहिलेलं असतं. नाहीतर आजार कुठल्या अवयवाचा, एवढं तरी ठरलेलं असतं. दवाखान्यात आलेला माणूस मात्र ‘बरं वाटत नाही’ एवढंच घेऊन येतो. तिथून पुढे काय करायचं हे शिकवणारा वॉर्ड आमच्याकडे नाही.

आणि ते काम सोपं आहे, अशी समजूत असेल तर हे गणित बघा. समजा, एक तपासणी अशी आहे की ती आजारी असलेल्या १०० पैकी ९० जणांना बरोबर पकडते आणि निरोगी १०० पैकी ९० जणांना बरोबर वगळते. स्पेशालिस्टच्या ओपीडीत, जिथे येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो आजार असतो, तिथे पॉझिटिव्ह आलेल्या १० पैकी ९ जण खरोखर आजारी निघतात. हीच तपासणी आता फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात करा, जिथे हजारात दहाच जणांना तो आजार आहे. त्या दहापैकी ९ सापडतील. पण ९९० निरोगी माणसांपैकी ९९ जणही पॉझिटिव्ह येतील. म्हणजे १०८ पॉझिटिव्ह रिपोर्टांमागे खरे आजारी नऊच. उरलेल्यांच्या वाट्याला पुढच्या तपासण्या, खर्च आणि झोप उडवणारी काळजी. यंत्र तेच, रिपोर्टही तसाच, अर्थ मात्र पार बदललेला.

‘आज तपासणी नको, चार दिवसांनी परत या’ असं सांगणारा डॉक्टर लोकांना कधीकधी आळशी वाटतो. त्याने जर सोबत ‘पण अमुक-अमुक झालं तर चार दिवस थांबू नका, ताबडतोब या’ असंही नेमकं सांगितलं असेल, तर त्याने वाट बघण्यालाच तपासणी बनवलेलं असतं. बहुतेक दुखणी तेवढ्या दिवसांत निवळतात. जे निवळत नाही ते आपलं रूप दाखवायला लागतं. रोजच्या डोकेदुख्यांमधून ती एक वेगळी डोकेदुखी हेरायची आणि बाकीच्यांना विनाकारण यंत्रात घालायचं नाही, याला जी बुद्धी आणि जो धीर लागतो तो माझ्या वॉर्डात क्वचितच लागे. मला शंका आली की सीटी मागवायची सोय होती.

शिवाय या डॉक्टरकडे आम्हाला कधीच न मिळणारी एक गोष्ट असते: त्याच माणसाला पुन्हा पुन्हा बघणं. हा गप्प माणूस आज बडबडतोय, ही बाई कधी तक्रार करत नाही आणि आज स्वतःहून आली आहे. ही माहिती कुठल्याही रिपोर्टात येत नाही. याला भावनिक बाब म्हणून बाजूला ठेवणाऱ्यांसाठी नॉर्वेचे आकडे आहेत. तिथे जवळजवळ प्रत्येक नागरिकाचं नाव एका ठरलेल्या डॉक्टरच्या यादीत असतं, त्यामुळे ही गोष्ट मोजता येते. सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्यावर असं दिसलं की पंधरा वर्षांहून जास्त काळ एकाच डॉक्टरकडे असणाऱ्यांमध्ये, डॉक्टर बदलून एकच वर्ष झालेल्यांच्या तुलनेत, मृत्यूची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी होती. तातडीने रुग्णालयात दाखल व्हायचं प्रमाणही तेवढंच, किंबहुना थोडं जास्तच, घटलेलं दिसलं. हा निरीक्षणातून निघालेला निष्कर्ष आहे, प्रयोगातून नव्हे, हे मी शिक्षिकेच्या सवयीने नमूद करते. पण एखाद्या नव्या गोळीने एवढा फरक दाखवला असता तर तिच्या कंपनीने आम्हा सगळ्यांना परिषदेला बोलावून जेवू घातलं असतं.

‘पण मग संशोधनाचं काय?’ हा प्रश्न चांगले विद्यार्थी हमखास विचारतात. जेम्स मॅकेन्झी इंग्लंडमधल्या बर्नली गावी जनरल प्रॅक्टिस, म्हणजे फॅमिली डॉक्टरचं काम, करत होते. दवाखान्यातल्या पेशंटच्या नाडीचे आलेख काढत, त्यांना वर्षानुवर्षं परत तपासत त्यांनी अनियमित ठोक्यांचा अभ्यास केला आणि आधुनिक हृदयविज्ञानाचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. विल्यम पिकल्स यॉर्कशरच्या एका दरीतल्या खेड्यांचे डॉक्टर. कोण कोणाला कधी भेटलं आणि कोण कधी आजारी पडलं याच्या नोंदी ठेवून त्यांनी साथीच्या काविळीत संसर्गापासून लक्षणांपर्यंत किती दिवस जातात ते शोधलं. शहरातल्या प्रयोगशाळेत हे जमलं नसतं, कारण तिथे कोण कोणाच्या लग्नाला गेलं होतं हे ठाऊक नसतं. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात, तक्रार असो-नसो, आपल्या सगळ्या पेशंटचं ब्लडप्रेशर मोजायला सुरुवात केली. ज्यांना वैद्यकीय सेवेची सर्वांत जास्त गरज त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते, हा १९७१ साली त्यांनी मांडलेला नियम आज जगभर शिकवला जातो. तो त्यांना आपल्या दवाखान्याच्या खिडकीतून दिसला होता.

आता दुसरी बाजू. ती लपवून मुलांना या शाखेत ओढणं मला मान्य नाही.

मिळकत बहुतेक देशांत स्पेशालिस्टपेक्षा कमी असते. ‘एवढे मार्क असून हे घेतलंस?’ असं घरचे विचारतात, आणि कॉलेजातले आमचे सहकारी त्याहून टोचून विचारतात. वेळेचं तर विचारूच नका. २०१७ साली ६७ देशांची आकडेवारी एकत्र केली गेली, तेव्हा प्राथमिक सेवेतल्या एका भेटीला मिळणारा सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद आणि स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं निघाला. जगातली जवळपास निम्मी लोकसंख्या ज्या देशांत राहते तिथे पाच मिनिटं किंवा त्याहून कमी. वर मी ज्या कौशल्याचं कौतुक केलं ते ४८ सेकंदांत वापरता येत नाही, हे उघड आहे. श्रीमंत देशांत दुखणं वेगळं: त्याच वर्षी अमेरिकेतल्या एका पाहणीत फॅमिली डॉक्टरांच्या ११.४ तासांच्या दिवसातले ५.९ तास कॉम्प्युटरवर नोंदी करण्यात जाताना दिसले. तिथे अलीकडे दर वर्षी या शाखेच्या शेकडो जागा निवडफेरीनंतर रिकाम्या राहतात, त्याचं आश्चर्य वाटायला नको.

तरीही एक गैरसमज दूर करायला हवा. पीजीला, म्हणजे पदव्युत्तर शिक्षणाला, जागा मिळाली नाही म्हणून दवाखाना टाकला, याला फॅमिली मेडिसिन म्हणत नाहीत. ते स्वतंत्र प्रशिक्षण आहे. कॅनडात दोन वर्षांचं, अमेरिकेत तीन, ब्रिटनमध्ये दोन वर्षांच्या पायाभूत प्रशिक्षणानंतर आणखी तीन, आपल्याकडे डीएनबी या पदव्युत्तर पात्रतेची तीन. त्यात बालरोग, प्रसूती, मानसिक आजार, वार्धक्य, छोट्या शस्त्रक्रिया, शेवटच्या दिवसांतली काळजी असं सगळं येतं. अमेरिकेने १९६९ साली या शाखेला स्पेशालिटीचा दर्जा दिला, आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा परीक्षा देणं बंधनकारक करणारी तिथली पहिली स्पेशालिटी हीच. आम्हा बाकीच्यांना ते शहाणपण उशिरा सुचलं.

ही शाखा सगळ्यांसाठी नाही. एकाच विषयात तळ गाठायची ओढ असेल, हाताने काम करण्यातच आनंद वाटत असेल, किंवा ‘नक्की काय आहे ते अजून सांगता येत नाही’ हे वाक्य पेशंटसमोर उच्चारताना घुसमट होत असेल, तर या वाटेला जाऊ नये. ज्याला माणसांच्या गोष्टींत रस आहे आणि अर्धवट माहितीवर निर्णय घेऊन त्याचा पाठपुरावा करायची तयारी आहे, त्याने मात्र मार्कांच्या यादीत आपण कितवे याचा विचार बाजूला ठेवून बघावं.

पण बघावं कुठे? इथेच सगळं अडतं. दोन दिवस आरोग्य केंद्रात सहल काढून काही कळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ पासून काही विद्यार्थ्यांना अख्खं एक वर्ष ग्रामीण जनरल प्रॅक्टिसमध्ये शिकायला ठेवलं. मोठ्या रुग्णालयात न शिकल्याने ही मुलं मागे पडतील, अशी भीती साहजिकच होती. परीक्षेत ती रुग्णालयात शिकलेल्यांपेक्षा सरस ठरली. वर्षभर नाही जमलं तरी सलग दोन-तीन महिने का जमू नयेत? एवढ्या काळात तोच पेशंट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येतो, आपण मागच्या वेळी बांधलेला अंदाज बरोबर होता की चूक हे समोर दिसतं. पहिले काही दिवस सर्दी-खोकला-बीपी बघून मुलं कंटाळतील. कंटाळू द्यावं.

त्यासाठी कॉलेजांनी दोन गोष्टी कराव्यात. चांगल्या फॅमिली डॉक्टरांना पाहुणे म्हणून बोलावणं थांबवून त्यांना अध्यापकाचं पद आणि मानधन द्यावं. विद्यार्थी शेजारी बसला की दवाखान्याचा वेग कमी होतो आणि तो तोटा त्या डॉक्टरने पदरचा सोसावा, ही अपेक्षा चुकीची आहे. आणि या महिन्यांचे गुण अंतिम परीक्षेत धरावेत. ज्याला गुण नाहीत ते आमची मुलं शिकत नाहीत, हे मी खात्रीने सांगू शकते.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्राध्यापिका, मेडिसिन विभाग