पेट स्कॅन कोणत्या ट्रेसरने, हे आधी विचारा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतील ‘पेट स्कॅनने अल्झायमर ओळखता येतो’ अशा आशयाचा लेख वाचला. तो वाचून अनेक घरांतल्या आजी-आजोबांना थेट स्कॅन सेंटरवर नेले जाईल, म्हणून हे पत्र. पेट यंत्र स्वतः आजार ओळखत नाही. शिरेतून दिलेला किरणोत्सारी ट्रेसर (माग दाखवणारे द्रव्य) मेंदूत कुठे आणि किती साठला, एवढेच ते दाखवते. ट्रेसर बदलला की उत्तर वेगळ्याच प्रश्नाचे मिळते, आणि लेखात ट्रेसरचे नाव एकदाही आलेले नाही.

सर्वाधिक वापरला जाणारा, ग्लुकोजसारखा ट्रेसर एफडीजी मेंदूचा कोणता भाग किती ग्लुकोज घेतो ते दाखवतो. अल्झायमरमध्ये टेम्पोरल-परायटल (कानामागचा-वरचा) भाग आणि पोस्टेरिअर सिंग्युलेट (मेंदूच्या मधोमध, मागच्या बाजूचा पट्टा) मंदावतात, स्मृतिभ्रंशाच्या फ्रंटोटेम्पोरल प्रकारात कपाळामागचा भाग. लेवी बॉडी या आणखी एका प्रकारात दृष्टीशी संबंधित मागचा भाग मंदावतो, पण सिंग्युलेट बराचसा टिकतो. हा फरक दिसायला तयारी नीट हवी. चार ते सहा तास उपास करावा, साधे पाणी चालते. शुगर 200 च्या वर असेल तर तारीख पुढे ढकललेली बरी. शुगर उतरवायला ऐन वेळी इन्सुलिन दिले तर ट्रेसर स्नायूंत ओढला जातो आणि मेंदू फिका दिसतो. इंजेक्शनच्या आधी थोडा वेळ आणि नंतरचा अर्धा तास रुग्णाला मंद उजेडाच्या शांत खोलीत ठेवायचे. मोबाइल नको, नातेवाइकांच्या गप्पाही नकोत. सर्वांत जास्त घोळ होतो तो अस्वस्थ रुग्णाला आधीच झोपेचे औषध दिल्याने. त्याने सगळ्याच मेंदूचा ग्लुकोज-वापर खाली येतो. द्यावेच लागले तर ट्रेसर मेंदूत बसल्यावर, स्कॅनच्या तोंडावर द्यावे.

अमायलॉइड, म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साठणारे प्रथिन, दाखवणाऱ्या ट्रेसरची गोष्ट वेगळी. पहिला, पिट्सबर्ग कंपाउंड बी, कार्बन-11 चा. त्याचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा होण्याचा वेळ) 20 मिनिटे, म्हणजे तासाभरात आठवा हिस्सा उरतो. तो बनवणारे यंत्र, सायक्लोट्रॉन, शेजारी नसेल तर तो निरुपयोगी. म्हणून फ्लोरिन-18 चे, 110 मिनिटे अर्धायुष्याचे ट्रेसर आले. तरी मुंबईत बनवलेला 10 मिलिक्युरीचा (किरणोत्साराचे माप) डोस साडेपाच तासांनी टोचायचा असेल, तर निघताना 80 मिलिक्युरी भरावे लागतात. लहान शहरांत हे स्कॅन दुर्मिळ का, याचे निम्मे उत्तर या हिशेबात आहे.

अशा फ्लोरिन-18 ट्रेसरपैकी अमेरिकेत फ्लोरबेटापिरला 2012 मध्ये, फ्लुटेमेटामॉलला 2013 मध्ये आणि फ्लोरबेटाबेनला 2014 मध्ये परवानगी मिळाली. ट्रेसर खरा की खोटा, याची कसोटी मृत्यूनंतरच्या मेंदू-तपासणीवर लागते. फ्लोरबेटापिरच्या मुख्य अभ्यासात अशा 59 व्यक्ती होत्या. पॅथॉलॉजीत मध्यम ते दाट प्लाक (अमायलॉइडच्या गाठी) असलेल्या 39 पैकी 36 जणांत स्कॅनही पॉझिटिव्ह निघाला, आणि उरलेल्या 20 जणांत एकही खोटा पॉझिटिव्ह नव्हता. आकडे उत्तम, पण ते ‘प्लाक आहेत का’ या प्रश्नाचे. ‘विसरणे प्लाकमुळे आहे का’ याचे नव्हेत. स्मरणशक्ती शाबूत असलेल्यांतही 50 व्या वर्षी सुमारे 10 टक्के आणि 90 व्या वर्षी सुमारे 44 टक्के लोकांत अमायलॉइड सापडते. लेवी बॉडीच्या पुष्कळ रुग्णांतही ते असते. त्यामुळे ऐंशीच्या घरातल्या माणसाचा पॉझिटिव्ह अहवाल फारसे काही ठरवत नाही. नीट वाचलेला निगेटिव्ह अहवाल मात्र मोलाचा, कारण मग दुसरे कारण शोधायला हवे.

‘नीट वाचलेला’ हे मुद्दाम लिहिले. या ट्रेसरमध्ये मेंदूचा पांढरा भाग नेहमीच उजळतो. बाहेरचा करडा थरही तितकाच उजळून दोघांतली सीमा पुसली गेली तर स्कॅन पॉझिटिव्ह. मेंदू खूप आकसला असेल किंवा रुग्ण हलला असेल तर सीमा चुकीची भासते, म्हणून एमआरआय शेजारी लावूनच वाचावे. 2011 मध्ये अमेरिकी सल्लागार समितीने स्कॅन वाचणाऱ्यांच्या प्रशिक्षणाची अट घातली म्हणूनच फ्लोरबेटापिरची परवानगी लांबली होती. वेळाही वेगवेगळ्या आहेत: फ्लोरबेटापिरचे चित्र 30 ते 50 मिनिटांनी, फ्लुटेमेटामॉलचे साधारण 90 मिनिटांनी. एका ट्रेसरचा आकडा दुसऱ्याशी थेट ताडू नये. त्यासाठी सेंटिलॉइड ही सामाईक मोजपट्टी आहे.

अल्झायमरमध्ये साठणारे दुसरे प्रथिन, टाऊ, दाखवणाऱ्या फ्लोरटाउसिपिरला 2020 मध्ये मान्यता मिळाली. 64 मेंदूंवरच्या तपासणीत स्कॅन वाचणाऱ्या पाच जणांची संवेदनशीलता (आजार असलेले अचूक ओळखणे) 92 ते 100 टक्के होती, पण विशिष्टता (आजार नसलेले अचूक ओळखणे) 52 पासून 92 टक्क्यांपर्यंत. ट्रेसर तोच, चित्रे तीच, फरक फक्त डोळ्यांचा! शिवाय हा ट्रेसर टाऊ नसतानाही बेसल गँग्लियात (मेंदूच्या आतल्या खोल भागात) बसतो.

भास, झोपेत हातपाय मारणे, दिवसागणिक बदलणारी समज असे लेवी बॉडीचे चित्र असेल तर अमायलॉइडपेक्षा डोपामाइन ट्रान्सपोर्टरचा (डोपामाइन हे रसायन परत आत घेणाऱ्या प्रथिनाचा) स्कॅन उपयोगी. आपल्याकडे टेक्नेशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा ट्रोडॅट हा ट्रेसर त्यासाठी वापरतात. चित्र तीन-चार तासांनी घेतात आणि पेटऐवजी साध्या स्पेक्ट कॅमेऱ्यावर काम होते. निरोगी स्ट्रायटम (मेंदूतला हा ट्रेसर बसतो तो भाग) स्वल्पविरामासारखा दिसतो, बिघडलेला नुसत्या टिंबासारखा. ब्युप्रोपिऑन किंवा मिथाइलफेनिडेट ही औषधे चालू असतील तर आधी सांगावे. दोन्ही त्याच जागी बसतात.

स्कॅनने उपचार बदलतात, हा लेखातला मुद्दा खरा आहे. अमेरिकेतील आयडियाज या अमायलॉइड पेटच्या अभ्यासात 11,409 रुग्णांपैकी सुमारे 60 टक्क्यांच्या बाबतीत तसे झाले. पण ते रुग्ण तज्ज्ञांनी आधी पूर्ण तपासलेले आणि तरीही कारण न उलगडलेले होते. ‘विसरायला होतंय’ म्हणून परस्पर आलेल्यांना तो आकडा लागू नाही. बी-12, थायरॉइड, एमआरआय आणि चालू गोळ्यांची यादी तपासण्याआधी अमायलॉइड स्कॅनवर खर्च करणे आम्हाला चूक वाटते.

अहवाल हातात आला की त्यात ट्रेसरचे नाव, डोस, इंजेक्शन व स्कॅनमधले अंतर आणि एफडीजी असल्यास त्या वेळची शुगर लिहिली आहे का, ते पाहावे. नसेल तर विभागाकडून लिहून घ्यावे. दोन वर्षांनी दुसऱ्या शहरात तुलना करायची वेळ आली, तर त्या डॉक्टरला ही माहिती लागतेच.

आपले,
न्यूक्लिअर मेडिसिनमधील काही वाचक, पुणे