ड्रमसेटची ने-आण

संपादक महाशय,

ड्रमसेट वाजवून खराब होत नाही तितका कार्यक्रमाला नेता-आणताना होतो. लोखंडी स्टँड आणि पेडल ड्रमशेजारी सुटे ठेवले की ते आपटत राहतात. त्यात ड्रमची कड दबली की नवं हेड, म्हणजे ड्रमवर ताणलेला पडदा, लावूनही सूर नीट लागत नाही. म्हणून स्टँडची पिशवी वेगळी आणि गाडीत सर्वांत खाली. एक अवजड पिशवी भरण्यापेक्षा दोन कराव्यात, पाठ वाचते.

झांज मधल्या भोकापाशी तडकते, तेव्हा दोष सहसा वाजवणाऱ्याच्या हाताला दिला जातो. तपासायला हवी ती स्टँडच्या दांड्यावरची प्लॅस्टिकची नळी. ती झिजली की धातूवर धातू घासतो, भोक लांबट होतं आणि तिथूनच चीर सुरू होते. नळी किरकोळ किमतीची, झांज नव्हे! झांजेवरचा विंगनटही (हाताने फिरवायचा पंखांचा नट) आवळून टाकू नये. झांज मोकळी डुलली पाहिजे.

स्नेअरच्या, म्हणजे खालच्या पडद्याला तारा लावलेल्या ड्रमच्या, तारा प्रवासात ताणलेल्याच ठेवाव्यात, लोंबत्या तारा अडकून वाकतात. तापलेल्या गाडीतून काढलेला ड्रम लगेच सुरात लावू नये. सूर लावायची जादा चावी, नळ्या, फेल्ट (झांजेच्या खाली-वर बसणाऱ्या मऊ चकत्या), विंगनट आणि स्नेअरचं एक हेड कायम सोबत हवं. ओल्या पिशवीत ड्रम रात्रभर ठेवणं मात्र अक्षम्य.

– एक ड्रमवादक